सरकारी कागदावरची तीट

(कुसगावजवळच्या एका बालगृहात आयाचं काम करणाऱ्या कलाबाईंनी सांगितलं, तसं.)

माझं म्हायेर कुरवंडं, नागफनीच्या कड्याच्या अंगाला, आनि माझा जल्म कवाचा म्हनाल तर ते आईलाबी ठाव न्हाई, तिला इचारलं का म्हनायची, भात कापनीला आलतं तवाची तू, मग शाळंत मास्तरांनी एक तारीक टाकली आनि तीच माझी जल्मतारीक झाली, आता आधार कार्डावरबी तीच हाये. लिवून घेताय ना? घ्या, घ्या. बाप शेरडं राखायचा, थोडं भात, थोडी नाचनी, आमी सा भावंडं. चवथीपातूर शिकले, सही येती मला, आंगठा लावत न्हाई, हेबी लिवा. मग कुसगावात दिली, मालक एका बंगल्यावर माळी, दोन पोरी झाल्या, दोगी आता आपापल्या घरी हायेत, धाकटी तळेगावला कंपनीत जाती, तिचं बरं चाललंय.

आनि मी हितं, या बालगृहात, थोरलीच्या लग्नाच्या आदीपासनं. पैल्यांदा लंगोट धुवायला आलते, मग लेकरं सांभाळायला लागले ती आजपातूर. काय सांगू तुमाला, किती लेकरं या मांडीवरनं गेली, कुनी पुन्याला, कुनी नागपूरला, कुनी साता समुद्रापल्याड. माझी एकच सवय, अंघोळ घातली, पावडर लावली, का डाव्या गालावर काजळाची तीट. रोजच्या रोज, समद्यांना. एक नवी बाई आलती कामाला, ती म्हनली, मावशी, ह्या बिनआईबापाच्या लेकरांना कोन दिष्ट लावनार? मी म्हनलं, वा गं शानी, ह्यांनाच जास्ती लागती, ह्यांची दिष्ट काढायला घरी कोन बसलंय? आता आमची रातपाळीची सुंद्रा, ती उजव्या गालावर लावायची, म्हनायची आमच्याकडं उजवाच गाल, त्याच्यावरनं आमच्या दोगींची लय भांडनं, मी सकाळी डावीकडं लावायची, ती सांजच्याला पुसून उजवीकडं, आनि एकदा तर दोगींनीबी लावली, लेकराला दोनी गालाला तीट! तुमी हसताय, पन ह्याच तिटंनं पुढं काय रामायन केलं ते ऐका.

जाईचं सांगते. पोलिसांनी आनली व्हती, लोनावळ्याच्या एस्टी स्टँडात सापडली, वर्साची असंल. डॉक्टरांनी दात बघून तिची जल्मतारीक ठरवली, मला काय नवल वाटलं न्हाई, माझीबी तशीच की. गोरीपान, गुबगुबीत, कंदी रडायची न्हाई, आमी म्हनायचो किती गुनाची पोर. मग एक दिवस स्वयपाकघरात वरनाचं मोठं पातेलं पडलं, असला आवाज झाला का समदी लेकरं भोकाड पसरून रडायला लागली आनि जाई पाठमोरी बसून आपली ठोकळे रचतीया. तवा मी तिच्या मागं जाऊन टाळ्या वाजवल्या, वळली न्हाई. पुन्याला नेली, तपासलं, कानानं ऐकू येत न्हाई म्हनले, यंत्र दिलं, ते ती काडून टाकायची. मग मीच एक शोध लावला, फरशीवर पाय आपटायचा, ते तिला तळपायाला कळायचं, लगीच वळून बघायची. बस, आमचं दोगींचं असं बोलनं.

तिला घ्यायला आपल्याकडची दोन जोडपी आली, खोटं कशाला बोलू. मांडीवर घेतलं, मुके घेतले, आनि कानाचं कळलं का कळवतो म्हनून गेली ती गेली. मी त्यांना नावं ठेवत न्हाई, ज्येचं त्येला म्हाईत. आमच्या मॅडम, म्हंजी हितल्या अधीक्षक, त्या म्हनल्या, मावशी, हिच्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवता येतं, ते इथंही होतं, पण त्याच्यापुढं वर्षानुवर्षं रोज कुणीतरी तिच्याशी बसून बोलायला पाहिजे, ते आपल्याकडून कसं होणार. खरं हाये, आमी चार बाया आनि लेकरांचा हा रगाडा. आनि वय वाढलं का त्या आप्रेशनाचा उपेग कमी व्हत जातो. घाई व्हती. मग परदेशातल्या लोकांना फाईल दिसती म्हनं, आनि अमेरिकेतनं एक जोडपं म्हनलं, आमाला पायजे. कानाचं वाचून? व्हय, कानाचं वाचूनच! तो बाप सोता लहानपनापासनं बहिरा, त्येच्या डोक्याला तसलंच यंत्र. मॅडमनी कॉम्पुटरवर त्येला दावला, जाई म्होरं बसलेली, त्यानं मान वळवून कानामागचं यंत्र दाखवलं आनि आमची बया उटली, आपलं काडून फेकलेलं यंत्र शोधून आनलं, आनि त्येला दाखवलं. अवो, मी तितंच नाचले!

मग कागद सुरू झाले. आपल्याला वाटतं लेकरू उचललं आनि दिलं, तसं न्हाई बाबा. आपलं सरकार म्हनायला पायजे आमी सोडतो, त्यांचं सरकार म्हनायला पायजे आमी घेतो, दिल्लीची मंजुरी, मग पुन्याला कलेक्टरसाहेबाचा हुकूम, मग नवा जल्मदाखला, त्याच्यावर आईबापाची विंग्रजी नावं आनि जल्माचं ठिकान लोनावळा! मग पासपोर्ट, मग त्यांच्या देसाचा विजा, आनि विजाच्या आदी मुंबईत त्यांनी नेमलेल्या डॉक्टरची तपासनी. एकेक कागद आला का मॅडम ऑफिसातनं वरडायच्या, मावशी, आला! आनि मी हातातलं टाकून पळायची. पासपोर्ट आला त्या दिवशी मी समद्यांना गुळाचा शिरा केला.

आईबाप आले, आठवडाभर हितं रोज येऊन बसले, ती आई माझ्याकडनं पाय आपटायला शिकली. मग जाईला औक्षान केलं, नवा फ्रॉक, गालावर तीट, आनि गाडीत बसवली. मी लय रडले, मग तोंड धुतलं आनि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम स्वयपाकघरात आल्या त्याच पांढऱ्याफटक. म्हनल्या, मावशी, जाईच्या गालावरचा तीळ कुठं गेला? मी म्हनलं, कसला तीळ? तिला तीळच न्हाई. त्या म्हनल्या, कागदावर आहे, ओळखीची खूण, डाव्या गालावर काळा तीळ. आता बोला! झालं असं, मागं समद्या लेकरांना तपासायला एक तरना डॉक्टर आलता, त्येला जायची घाई, मी दुदापाशी, त्यानं गालावर काळं बगितलं आनि लिवला तीळ. आनि एका कागदावर आलं का पुढचा कागद त्याच्यावरनंच उतरवून घेत्यात, फाईलीत तीळ, दिल्लीला तीळ, पासपोर्टाच्या अर्जात तीळ. कुनी लेकराचा गाल पुसून बगितला न्हाई. आनि मुंबईत नव्या आईनं हाटेलात आपल्या हातानं अंघोळ घातली, झाला तीळ गडप!

मला हसू आलं वो, खरंच आलं, पदर तोंडाला लावला. मॅडम म्हनल्या, हसू नका मावशी, तो मुंबईचा डॉक्टर सही करीत नाहीये. तो म्हणतोय, कागदावरचं मूल आणि समोरचं मूल एकच कशावरून? मुलं बदलून पाठवणारे लोक असतात. त्याची सही नाही तर विजा नाही, तिकडं ऑपरेशनची तारीख ठरलीय, ती हुकली तर पुन्हा किती महिने थांबायचं देव जाणे. तसं माझं हसू गेलं. माझ्या जाईला म्हनं ती जाई न्हाई! मी म्हनलं, मॅडम, चला मुंबईला, मी येते. त्या म्हनल्या, तुम्ही येणारच आहात, तुमचीच तीट ती, तुम्हीच निस्तरा.

सकाळच्याला गाडी केली. काजळाची डबी पदराच्या गाठीला बांधलेली, घाट उतरताना मी गाडीवाल्याला म्हनत व्हते, दादा, वाईच जोरात घे, तो म्हनला, मावशी, ट्रकावर घालू का? मग तोंडानं नाव घेत ऱ्हायले देवाचं.

डॉक्टर म्हातारा, मराठी बोलनारा, पन चेहरा असा का जनू हसला तर दंड व्हईल. ती आई कोपऱ्यात, डोळे रडून सुजलेले, बाप तिचा हात धरून. मी म्हनलं, डॉक्टरसायेब, तो तीळ न्हाई, ती तीट हाये, मी लावती. ते म्हनले, बाई, मलाही आईनं लावली होती तीट, पण तुम्ही म्हणालात म्हणून मी सही करू? बरोबर हाये त्यांचं, मी काय भांडले न्हाई. मग त्या आईला काय सुचलं, तिनं पिशवीतनं जाईच्या फोटूचा आल्बम काडला, आमीच दिलेला, आनि डॉक्टरांच्या म्होरं ठेवला. ते बगायला लागले. पैल्या फोटूत तीळ डावीकडं. दुसऱ्यात उजवीकडं. मग कपाळावर, कुनीतरी तितंबी लावली व्हती. मग एकात दोनी गालावर! मी मनात म्हनलं, सुंद्रे, आज तुज्या उजव्या गालाचं सोनं झालं. डॉक्टर पानं भराभरा उलटायला लागले आनि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. म्हनले, हा तीळ आहे का लोणावळ्याला आलेला पर्यटक? रोज नवीन पॉइंट!

जाई तिकडं खाली बसून खेळत व्हती. मी डबी काडली आनि फरशीवर पाय आपटला. पोरीनं वळून बगितलं, मला बगितलं, डबी बगितली, आनि जी पळत आली, म्होरं उबी ऱ्हायली, डोळे घट्ट मिटले आनि डावा गाल पुढं केला, रोज अंघोळीनंतर करायची तसा. मी बोट लावलं. डॉक्टर सोता उटले, कापूस घेतला, तिचा गाल पुसला, कापसाकडं बगितलं, काळा झालेला. आनि आमची बया चिडली ना! पुन्ना गाल पुढं, पाय आपटून. डॉक्टर म्हनले, लावा लावा, नाहीतर मला मारेल. मग ती आई रडता रडता हसायला लागली आनि तिनंबी गाल पुढं केला. तिला लावली. मग तो सा फुटी बाप वाकला. त्येलाबी लावली! दवाखान्यातल्या नर्सा बगायला आलत्या.

पन नुसतं हसून सरकारी काम व्हत न्हाई. डॉक्टर म्हनले, मला पटलं, पण फाईलला पटायला लिखाण पाहिजे. मग त्या तरन्या डॉक्टरानं आपली चूक दुरुस्त करून दिली, मॅडमनी पत्र दिलं, आनि मला वकिलाकडं नेलं, स्टँप पेपरावर लिवलं, मी, कलाबाई, लिहून देते की सदर बालिकेच्या गालावरील काळी खूण ही मी स्वतः काजळानं लावीत होते. वकील म्हनला, मावशी, एवढ्या वर्षांत तिटेचं प्रतिज्ञापत्र पहिल्यांदाच केलं. मी ऐटीत सही केली, आक्की सही, आडनावासकट. तिकिटं पुढं ढकलावी लागली, चार रोज जीव टांगनीला, आनि मग मॅडम ऑफिसातनं वरडल्या, मावशी, विजा आला! आप्रेशनाच्या तारकेच्या आदी पोर तिकडं पोचली.

आता तुमी इचाराल, मग तीट लावायची सोडली का? कशाला सोडीन? फकस्त डॉक्टर यायचे असले का मॅडम आदी वरडत्यात, मावशी, गाल पुसा.

आनि एक सांगायचं ऱ्हायलं. लेकरू गेलं तरी कागद सुटत न्हाईत, दोन वर्सं तिकडनं अहवाल येत ऱ्हातो, तितली बाई त्यांच्या घरी जाऊन बगती, लेकरू खातं का, झोपतं का, खूश हाये का, आनि लिवून फोटू धाडती. मॅडम आमाला वाचून दावायच्या, आमी बाया भाजी निवडता निवडता ऐकायचो. गेल्या आठवड्यात एक आला, संगं व्हिडिओबी. त्यात काय बगितलं म्हनाल, जाई त्या बापासंगं भांडतीया! त्यो म्हनतोय सेटर घाल, आनि ही न्हाई म्हनतीया, तोंडानं, चढ्या आवाजात, आनि जो तोंडाचा पट्टा सुरू झालाय तो थांबायला तयार न्हाई. मला एक अक्षर कळलं न्हाई. आदी माझं बोलनं तिला ऐकू जात न्हवतं, आता तिचं बोलनं मला समजंना, फिट्टंफाट! मी तो व्हिडिओ पुन्ना पुन्ना लावायला लावला. आमच्याकडची लेकरं हट्ट करीत न्हाईत वो, वाढलं ते खात्यात, घातलं ते घालत्यात, हट्ट कुनाकडं करनार. आनि ही बगा, बापाला दमात घेतीया.

मग मॅडम हळूच म्हनल्या, मावशी, हा शेवटचा अहवाल. आता पुढं कागद येणार नाही. मला येकदम गलबललं, निवडती मेथी तशीच ऱ्हायली. म्हंजी आता ती कशी हाये ते मला कंदीच कळनार न्हाई? रातभर तेच डोक्यात. आनि सकाळी लेकरांना अंघोळी घालताना मनात आलं, माझ्या दोन पोरी मी वाढवल्या, त्यांचा अहवाल कुनी मागितलाता का? खात्यात का, खूश हायेत का, कंदी कुनी सायेब इचारायला आलाता? घरच्या लेकराचा अहवाल नसतोच. आता जाईचाबी न्हाई. कागद संपले, म्हंजी पोर घरची झाली. मग ऱ्हा बाई तुज्या घरी सुखाची, भांड, वरड, सेटर नको म्हन, आईबापाचं डोकं खा. मला न्हाई कळवलं तरी चालंल.