येते म्हणजे जाते

आमचं गाव यवतमाळकडचं, घरी शेती, अन् काका म्हणजे जिल्ह्यातलं बडं प्रस्थ, पोलीस त्याच्या ओट्यावर चहा प्यायचे. मी शिवणकाम शिकले ते हौस म्हणून, अन् आज इथं अमेरिकेत, ॲन आर्बरला प्रोफेसर लोकांच्या पँटी आखूड करते, मजा आहे की नाही?

लग्न माझ्या मनानं केलं. हे शिकलेले, हुशार, पण जात वेगळी, झालं, काका म्हणाला दोघांनाही कापून टाकतो, अन् तो बोलला की करणारा माणूस. आम्ही नागपूरला पळालो, तिथं त्याची माणसं आली, हैदराबादला गेलो, तिथं आली, जबलपुरात तर ह्यांचा हात मोडला बाप्पा. काय सांगू तुम्हाला, आपल्या लोकांची खोडच आहे, आडनाव काय, गाव कोणतं, कोणाचे तुम्ही, हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा देत नाहीत, अन् एकदा सांगितलं की गावाकडं बातमी पोचलीच. मग ह्यांना इथं युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, सुटलो. पण शिक्षण संपत आलं, परत जायची वेळ आली, तशी मी एक वकीलबाई गाठली. वकीलबाई म्हणाल्या, इथं आश्रय मागा.

आश्रयाच्या इंटरव्ह्यूला सरकारी साहेबाला मलाच विचारायचं होतं, अन् माझं इंग्लिश म्हणजे पँट, झिप अन् कम ट्यूसडे. म्हणून शेजारच्या काकूंची मिनल आली दुभाषी म्हणून, इथंच जन्मलेली पोट्टी, लय गोड, पण मराठी स्वयंपाकघरापुरतं. साहेब म्हणाला, एवढा मोठा देश तुमचा, दुसऱ्या गावी काऊन नाही राहिल्या? सांगितलं सगळं. मग म्हणाला, जबलपूर सोडताना घरमालकिणीला काय सांगितलं? मी म्हटलं, सांगणार काय, हात जोडले, म्हटलं येते मावशी.

मिनलनं सांगितलं, शी सेड, आय विल कम बॅक.

साहेबाचं पेन थांबलं. म्हणजे परत जायचा विचार होता, भीती नव्हती? नागपुरात काय म्हणालात? येते. हैदराबादला? येतेच. ह्यांचा चेहरा पांढराफटक, अन् मला घाम फुटला, एका शब्दापायी काकाच्या दारात जाऊन पडतो की काय आम्ही! म्हटलं मिनल, अगं, तुझी आई आमच्या घरून निघताना काय म्हणते? म्हणाली, येते. अन् मग? देन शी गोज होम, म्हणाली, अन् पोट्टीनं जीभ चावली.

मी उठले, दारापाशी गेले, येते म्हटलं अन् बाहेर जाऊन दार लावून घेतलं. परत आत येऊन म्हटलं, साहेबाला सांग, आमच्यात जाते म्हणणं अशुभ, जीव मुठीत धरून पळतानाही आम्ही येतेच म्हणतो. साहेब खो खो हसला. मग हळूच म्हणाला, आईला काय म्हणालात निघताना? तिथं मात्र मी खुर्चीत बसले. म्हटलं, तिलाही येतेच.

मिळाला आश्रय. आता इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात कुणी काकू गाव विचारतातच, मी बिनधास्त सांगते अन् वर त्यांना भाजी वाढते.

गावी आई काकाला चोरून शेजारच्यांकडं फोनवर येते कधीमधी. ठेवताना मी म्हणते येते, ती म्हणते ये गं, अन् दोघींनाही ठाऊक असतं. तरी जाते म्हणवत नाही.

निघालात? चहा घेऊन निघा, अन् येते म्हणा बरं का. पण तुम्ही खरंच या.