भस्माची तीन बोटं

—न्हाई न्हाई, बिघडलंय असं कुठं म्हणायले मी? आधी ऐकून तर घ्या, बन्सीधरभाऊ. नवंकोरं हाय. बिघडायला आधी चालावं लागतंय, आन् हे अजून एकदाबी चाललेलं न्हाई. आन् माझं न्हाई बरं का — आमच्या शेजारणीचं हाय. तिला यायची लाज वाटायली, म्हणून मी आले. म्हटलं, सेलूत कॉम्प्युटर म्हंजे बन्सीधरभाऊ, आज खंडेनवमी असली तरी पूजा करून दुकानात बसलेलेच असतील. बसलाव की! झेंडूचे हार बरे घातलेत सगळ्या पडद्यांना. आन् हळद-कुंकू डब्यावर लावलंय, वरच्यावर. आत न्हाई. हं. शहाणे माणूस तुमी.

हळू घ्या ते खोकं. मदरबोर्ड हाय त्यात. हसायला काय झालं? मला सगळं माहिताय. मदरबोर्डाच्या मधोमध सॉकेट असतंय, सॉकेटात प्रोसेसर बसतो, दर दोन वर्षाला कंपनी सॉकेट बदलती आन् लोकांना जुना बोर्ड फेकून नवा घ्यायला लावती — घरात दुसरं काय ऐकायलाच मिळत न्हाई, शेजारणीच्या घरात म्हणते मी. आन् ते तुमच्या मोबाईलवर काय लावलंय, ते जरा बंद करा हो. करा बंद. तिचा आवाज आज ऐकवत न्हाई मला.

...कुणाचा म्हंजे?

जाऊ द्या, निघालं तोंडातून. आमची अनुपमा हाय ती. हो, तीच, तुमच्या मोबाईलमधली. असं काय बघायलाव? अकरावीला हाय आमची पोरगी. दारात पाव्हणा आला तर पाण्याचा तांब्या ठेवून पळती, मान वर करत न्हाई. आन् वाकळांच्या थप्पीमागं बसली, मोबाईल तोंडाशी धरला, की अशी बोलती की मलाच वाटतंय ही कोण बाई आली घरात! तिथं आवाज घुमत न्हाई म्हणती. मी मिक्सर बंद ठेवायचा, भांडं वाजवायचं न्हाई. व्हिडिओत तोंड दाखवत न्हाई, नाव सांगत न्हाई. तिच्या बापालासुद्धा ठाऊक न्हाई — बसवंतराव दिवसभर कापसाच्या आडतीवर, रात्री आले की जेवतात आन् झोपतात. मला तेवढं ठाऊक. आन् आता तुमाला. तुमी कुणाला बोलायचं न्हाई, घ्या शपथ. अवो, तुमीच तर गिऱ्हाइकाला ऐकवताव ना — 'बघा ही पोरगी काय म्हणायली, येणारा प्रोसेसर ह्याच बोर्डात बसणार, घ्या बिनधास्त' — तुमच्या दुकानावरून जाताना ऐकते की मी. छाती फुगती, पण सांगावं कुणाला?

तर तेच. दुनिया म्हणायली, येणाऱ्या मोठ्या प्रोसेसरला नवा बोर्ड लागणार, सॉकेट बदलणार. आमची म्हणायली, न्हाई लागणार. कशावरून? कुणीतरी त्या प्रोसेसरचा चोरून टाकलेला एक फोटो होता, धूसर. त्यात कडेला एक खाच दिसायली, ती जुन्याच जागी हाय म्हणे, आकारबी जुन्याच मापाचा. एवढ्याशा खाचेवर! लोकांनी काय काय लिहिलं तिला — स्वयंपाक शीक म्हणं, तू कशाला यात. रडली न्हाई. जेवली न्हाई, पण रडली न्हाई. मग पुण्याचा तो एक — मोठं चॅनेल हाय त्याचं, तोंड दाखवून बोलतो — त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, मी जुन्या सॉकेटचा बोर्ड पाठवतो ह्या पोरीला, नवाकोरा. प्रोसेसर बाजारात आला की तो पाठवतो. सगळ्यांच्या डोळ्यादेखत तिनं बसवायचा. चालला तर बारावीनंतर पुण्याला ये, शिक आन् आमच्याकडं काम कर. बोर्ड आला, तिनं कपाटात ठेवला. प्रोसेसर परवा येणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आन् आज खंडेनवमी. आता तुमी म्हणाल, ह्यात बोर्डाचं काय? अवो, आमच्यात घरातलं झाडून सगळं हत्यार पूजतात. कात्री झाली, विळी झाली, शिलाई मशीन, तागडी. आमच्या पोराची, विरेशची सायकल सुद्धा. तो हैदराबादला जाऊन किती वर्षं झाली. तरी मी दर साली तिला भस्म लावते, हवा न्हाई चाकात तरी. सणाला येतो, मोबाईल बघतो, बॅग भरतो. तर सगळ्यांना भस्म लावून झालं आन् मनात आलं, माझ्या पोरीचं हत्यार राहिलं की. ती परभणीला क्लासला गेलेली. खोकं काढलं. मधी ते चौकोनी, त्यावर काळं झाकण. म्हटलं, झाकणावरून कुणी टिळा लावतं का? देवाला कपड्यावरून लावताव का तुमी? निघालं झाकण, खट् करून. आत बघते तर रिकामी चौकोनी जागा, सोन्यासारखी चमकायली, मखरात देव बसायच्या आधी असती तशी. हात जोडले मी, खरं सांगते. भस्म घेतलं आन् तीन बोटं ओढली, डावीकडून उजवीकडं, जशी सगळ्याला ओढतो तशी.

टोचलं. केसासारख्या तारा होत्या वो त्या. सोनं न्हाई — पिना. मला काय माहीत? प्रोसेसरला असतात असं ऐकलेलं मी, खाली. बोर्डाच्या अंगावर उभ्या असतील हे कुणी सांगितलं? बघा ना तुमी. लावा ते भिंग. वाकल्यात ना? गव्हाच्या शेतातून जनावर गेल्यावानी, एक पट्टाच आडवा. आन् मधी मधी पांढरं भस्म.

आता मला सांगा, परवा तिनं प्रोसेसर बसवला आन् न्हाई चाललं — तर ती काय म्हणंल? म्हणंल माझाच अंदाज चुकला. दुनियाबी तेच म्हणंल. भस्माचं कुणाच्या ध्यानातसुद्धा येणार न्हाई. मी पुसून, झाकण लावून ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुणाला न्हाई. तिच्या आईला तेवढं कळलं असतं.

काय? दोन पट्टे हायत?

...हो. दोनदा ओढलं. पहिल्यांदा नीट उमटलं न्हाई म्हणून. भस्म उमटलं न्हाई तर पूजा पुरी होत न्हाई, म्हणून पुन्हा ओढलं, जरा दाबून. टोचलं होतं, हो, पहिल्यांदाच टोचलं होतं, सांगितलं की मगाशी. टोचतंय म्हणून कुणी पूजा अर्धी सोडतं का? तुमी वकिलावानी काय विचारायलाव? उमटलं न्हाई म्हणून ओढलं. तेवढंच. घरात कुणी न्हवतं, मिक्सर बंद, सगळं कसं गप. वाकळांच्या थप्पीकडं बघितलं मी, आन् वाटलं, पुण्याला गेल्यावर हे असंच गप राहणार. मग मिक्सर खुशाल लावता येईल मला, दिवसभर. असं आपलं आलं मनात. मनात काय, काहीबी येतंय. त्याचा बोटाशी काय संबंध?

बरं, ते जाऊ द्या. होत न्हाई ना नीट? तसं सांगा, मी ऐकून घेते. एवढ्या बारीक तारा, माणसाच्या हातानं —

होतंय?

...सुईनं? एक एक करून? आन् भस्मबी निघतंय? चालंल म्हणता? नक्की? तुटली न्हाई एकबी?

बरं झालं. लय बरं झालं की. देवच पावला म्हणायचा.

...आत्ता लगेच कशाला पण? सणाचं दुकान, तुमची घाई, गिऱ्हाईक उभं राहील दारात. ठेवा ना इथंच. दसरा होऊ द्या, सोनं वाटून होऊ द्या. आरामात करा. चार-आठ दिवसांनी घेऊन जाईन मी, काय बिघडलं? तिला सांगते मी काहीतरी, प्रोसेसर आला तर आला, राहील तसाच पडून, तो पुण्याचा काय धावून —

असं नका बघू, भाऊ.

करा. आत्ताच करा. मी भायेर पायरीवर बसते. झाल्यावर झाकण तेवढं घट्ट लावा, आन् मला बोलवू नका आत — क्लासची गाडी इथंच समोर थांबती, ती आली की अनुलाच हाक मारा. तिच्याच हातात द्या.