कदमबद्दलचा जुना मेल

कदमचं नाव काढू नका, चहा कडू होतो माझा. वाळूजच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. काम मी करायचो, शाबासकी तो घ्यायचा. आज तो मॅनेजर आहे अन् मी अजून लोकांचे कम्प्युटर दुरुस्त करतोय.

मागच्या महिन्यात हेड ऑफिसचा हुकूम आला. ज्याच्या त्याच्या कम्प्युटरवर फायली करून ठेवलेले जुने मेल सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये चढवा. म्हटलं, आधी आपलीच फाईल चढवून बघू. झकास चढली! तेवढ्यात कदमनं केबिनमध्ये बोलावलं.

"काय रे, तुझा मेल आलाय मला. 'साहेब, कदम माझं काम स्वतःच्या नावावर खपवतो.'"

मेल माझाच होता. सहा वर्षांपूर्वी जळून जळून तेव्हाच्या मॅनेजरला लिहिलं होतं. ऐन वेळी नेट गेलं, मेल आऊटबॉक्समध्ये अडकला अन् मी विसरूनही गेलो. सर्व्हरवर चढताच तो सुटला, आणि मॅनेजरचा मेलचा पत्ता आता कदमकडं!

"लई जुना हाय रे तो," मी पुटपुटलो.

"व्हय, तारीख दिसली मला." कदम चक्क हसला. "पण भारी झालं की! कधी न गेलेला मेलसुद्धा हरवला नाय. हेच कळवतो हेड ऑफिसला."

कळवलं त्यानं. संध्याकाळी सगळ्या कंपनीला हेड ऑफिसचा मेल आला: "शाब्बास कदम, काम असं एकहाती करावं."