अर्धं पाऊल

गफूर : तो पेला खाली ठेव. तुझ्या हातचा चहा मी पिणार नाही, एकदा सांगितलं ना.

उमैर : दुलाभाई, गुडघे टेकून बसलोय मी. मला काही हौस नाही याची.

गफूर : मग ऊठ. कुणी बसवलंय?

उमैर : उस्तादांनी. ते असते तर त्यांच्यापुढेच बसलो असतो. ते वारले तेव्हा मी कुवेतच्या सीमेवर, खफजीत अडकलेला. आता शागिर्दाचा चहा घ्यायचा हक्क थोरल्या गुरुबंधूचा, आणि थोरले निघालात तुम्ही. माझं नशीब.

गफूर : चहा घेतला की माणूस घरचा होतो, मग उस्ताद मा यांच्या नावाने त्यांची लढायची विद्या शिकवू शकतो. तू तर आधीच शिकवणी मांडून बसलास. आयत्या बिळावर नागोबा.

उमैर : म्हणून तर आलोय. आज तबूकला जातोय, नव्या साइटवर. तिथे शिकवणार तर त्यांच्या नावाने शिकवू द्या.

जुबेदा : आवाज खाली ठेवा दोघांनी. खिडक्यांना टेप लावून बसलीत शेजारची माणसं. त्यांना वाटेल, मिसाईल आमच्याच घरात पडलं.

गफूर : तुझ्या भावाला सांग. उस्ताद म्हणजे टोप्या शिवणारा चिनी म्हातारा, अख्ख्या मदिनेत त्याला कुणी विचारत नव्हतं. तेव्हापासून रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर मी त्यांच्या अंगणात उभा आहे. पहिलं वर्ष नुसती घोडबैठक. मांड्या पेटायच्या, पण हात उचलायची परवानगी नाही. मग कुठे पहिला सबक, हातापायांच्या डावांची पहिली साखळी मिळाली. आणि या शहाण्याने खफजीच्या बराकीतल्या कामगार पोरांना आठवड्यात शेवटचा सबक देऊन टाकला.

उमैर : त्यांच्याकडे वर्ष नव्हतं.

गफूर : उत्तरं तयार असतात तुझी.

उमैर : सीमेपलीकडून तोफा सुरू झालेल्या. कफील, आमचा मालक, आमचे पासपोर्ट घेऊन दमामला पळालेला. पोरं खाटांखाली घुसून रडत होती, केरळचा एक तर भिंतीवर डोकं आपटत होता. मी एकेकाला ओढून बैठकीत उभं केलं. म्हटलं, काय वाटेल ते होवो, बैठक मोडायची नाही. हळूहळू थरथर थांबली. मग पुढचं दिलं. आम्हाला बाहेर काढणारी बस येईपर्यंत दुसरं काय करणार होतो?

गफूर : भीती वाटली तर कुराणातली आयतुल कुर्सी म्हणावी.

उमैर : म्हणतच होते. हातपाय रिकामे होते.

गफूर : तेही पोटात घातलं असतं एक वेळ. पण तू सबकच बदललास. परवा गच्चीवर पाहिलं मी. वळणानंतरचं डावं पाऊल तू पूर्ण टाकतोस.

उमैर : ते पूर्णच आहे.

गफूर : अर्धं आहे. पाय मध्येच थांबतो, टाच अधांतरी, आणि मग कमरेतून हिसका. या घराण्याचं सगळं मर्म त्या अर्ध्या पावलात आहे. उस्तादांनी जन्मात ते पूर्ण टाकलं नाही. ते साधायला मी हाडं झिजवली माझी.

उमैर : हाडं झिजवलीत हे खरं. जिना चढताना दिसतं.

जुबेदा : उमैर.

उमैर : नाही आपा, आता बोलू दे. मागच्या हजला चीनहून उस्तादांचे जुने गुरुबंधू आलेले. हजचा सीझन, दुलाभाई दुकानात. त्या बाबांनी अंगणात हाच सबक केला. पाऊल पूर्ण, टाच जमिनीवर खाडकन. मग आमचा पाहिला आणि उस्तादांना विचारलं, या सगळ्यांना लंगडं कुणी केलं?

गफूर : खोटं.

उमैर : उस्ताद डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, मी शिकवलं नाही तेसुद्धा शिकले हे.

गफूर : खोटारड्या. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालतोस? माझ्या घरात बसून?

जुबेदा : खोटं नाही ते.

गफूर : तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं काय कळतं?

जुबेदा : काही कळत नाही. तुमच्या गुडघ्याला रोज काय चोळते, तेवढं कळतं. सिरक्यात मुरवलेली ती मुळं मला उस्तादांच्या बीबीने दिली. ती त्यांच्या गुडघ्याला तेच चोळायची. चीनमधून निघताना ट्रकवरून पडले होते ते, ज्वानीत. हाड बसलं ते वाकडंच बसलं.

गफूर : मला कधी बोलली नाहीस.

जुबेदा : तुम्ही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारे. मला वाटलं, ठाऊक असणार. त्यांचा डावा, तुमचाही डावा. मी आपली समजायची, या चिनी कसरतीत सगळ्यांचाच डावा गुडघा जात असेल.

(गफूर उठतो. दोन्ही हात छातीशी घेऊन वळतो आणि डावं पाऊल पूर्ण टाकायला जातो. गुडघा ऐकत नाही.)

जुबेदा : अहो, धरा मला. पडाल.

गफूर : सोड. सोड म्हणतो ना.

उमैर : दुलाभाई, इतक्या वर्षांनी नाही टेकायची टाच.

गफूर : तुला विचारलं? ... मला का नाही सांगितलं त्यांनी? थोरला मी. पाणी भरलं त्यांच्या घरी. जनाज्याला खांदा दिला.

उमैर : मी विचारलं होतं त्यांना.

गफूर : काय म्हणाले?

उमैर : राहू द्या.

गफूर : काय म्हणाले, उमैर?

उमैर : म्हणाले, गफूर इतक्या मनापासून लंगडतो, त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

जुबेदा : पुरे आता. तुझी बस चुकेल रे.

उमैर : निघतो. चहा घेतला नाहीत तरी तिथे शिकवणार मी. डोक्यावरून रोज विमानं जातायत, पोरं घाबरलीत. उस्तादांचं नाव तेवढं घेणार नाही.

गफूर : मग कुणाचं घेणार? तुझ्या बापाचं?

उमैर : तुम्ही हक्क देत नाही, तर...

गफूर : आण तो पेला. असा नव्हे, दोन्ही हातांनी. खाली बस नीट. एवढंही शिकवावं लागतं.

जुबेदा : थांबा, दुसरा करते. गार झाला तो.

गफूर : राहू दे... (घोट घेतो.) गारढोण आहे. आणि साखर ओतलीय पाकासारखी.

उमैर : दुलाभाई...

गफूर : डोळे पूस. यल्ला, ऊठ. तबूकला आधी बैठक, मग सबक. घाई केलीस तर तिथे येऊन तंगडी मोडीन. आणि पाऊल पूर्ण टाकायला शिकव.

उमैर : इथल्या अंगणातल्या पोरांना?

गफूर : त्यांनाही सांगतो उद्या.

उमैर : आणि तुम्ही?

गफूर : मी अर्धंच टाकणार. उस्ताद कसे चालायचे, ते कुणाकडे तरी राहायला हवं.