बाळंतपण कुठं झालं?

आमच्या सासूबाईंचं सांगते. मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. तीन वर्षं वाट पाहून मुलगी घरी आली, आणि पंधरा दिवसांनी तिला लस टोचायला आम्ही तिघी देशपांडे नगरात डॉक्टरांकडं गेलो. तिथं शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, “अक्का, बाळंतपण कुठं झालं?”

माझ्याआधी सासूबाईच शांतपणे म्हणाल्या, “धारवाडला, डीसी ऑफिसात.” दत्तकाची ऑर्डर तिथूनच, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून, मिळाली होती.

बाई गोंधळल्या, पण थांबल्या नाहीत. “नॉर्मल की सिझर?”

“नॉर्मलच,” सासूबाईंनी नातीचं टोपरं सारखं केलं. “पण कळा तीन वर्षं चालल्या, आणि त्या घरातल्या सगळ्यांनी सोसल्या.”