बसून राहणाऱ्या सुनंदाबाई

सुनंदाबाईंच्या शोकसभेला जमलेल्या सर्वांना नमस्कार. बाईंचे यजमान मारुतीअण्णा समोर बसलेत. त्यांच्यापुढं बोलायचं म्हणजे जड जातंय. पण बोलायला पाहिजे, कारण माझी एक चूक सांगायची राहून गेली आहे.

सुनंदाबाई आपल्या उचगावच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी तिथं मुख्याध्यापक होतो. बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाई चालत होत्या, बोलत होत्या. मग आजार आहे कुठं, असं आम्हाला वाटायचं.

प्रार्थनेला उभ्या असताना त्या दोनदा पडल्या. मी काय म्हणालो असेन? "बाई, ते उपवास बंद करा." बाई उपवास करतच नव्हत्या. पुढं त्या प्रार्थनेला बसून राहायला लागल्या. पाहुणे आले तरी बसूनच. मला राग यायचा. मुलं बघतात, शिस्त काय राहिली? एकदा झेंडावंदनाला मी त्यांना सांगितलं, कार्यक्रम संपेपर्यंत तुम्ही आत स्टाफरूममध्येच बसा. त्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी बीपीचं मशीन घेऊन ऑफिसात आल्या. आधी बसून मोजलं, मग उभारून. आकडा एकदम घसरला. टेबल धरून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सर, पाय चांगले हाईत माझे. पण उभारलो की रक्त वर पोचत न्हाय. हे काम शरीरात आपोआप व्हायचं असतंय, माझं होत न्हाय. मी उद्धट न्हाय, सर."

घाम नीट न येणं, उन्हात बळ जाणं, लघवीचा त्रास, सगळं त्यातलंच. तासाला सारखं उठायला लागू नये म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. डॉक्टर तर भरपूर प्या म्हणत होते. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर चहा घेतला, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर प्रार्थनेला मी त्यांच्यासाठी खुर्ची मांडायला लावली. माफी मात्र मागितली नाही. मुख्याध्यापक होतो ना. मागच्या आठवड्यात लघवीचा संसर्ग रक्तात पसरला. मी दवाखान्यात गेलतो, पण तोवर बाई शुद्धीत नव्हत्या.

मारुतीअण्णा, सगळ्यांसमोर सांगतो. बाई उद्धट नव्हत्या. चुकलो मी.

आता दोन मिनिटं शांत राहूया. आपल्याकडं त्यासाठी उभारायची पद्धत आहे. आज कुणी उठू नका. बसूनच राहा.