पांढरं कुठलं ते सांग

कौसल्या : हे तुझे बाबा नाहीत गो. ह्यांचा रंग असा नव्हता.

प्राची : आई, आत्ताशी फाइल उघडलीय मी. थांब ना जरा.

कौसल्या : थांबायला वेळ कुठाय? संध्याकाळी लालबागला फ्रेमवाल्याकडे हा गणपतीतला फोटो द्यायचाय. परवा वर्षश्राद्ध. दगडूभावजी येणार, मालन येणार, आल्या आल्या फोटोच्या पाया पडणार. आणि त्यात हे असे, हळद फासल्यासारखे.

प्राची : सगळेच पिवळे आहेत बघ. तू पिवळी, विनीतदादा पिवळा. काका-काकू पण. नायगावच्या खोलीत बल्ब होता ना.

कौसल्या : बल्ब तर श्रावणापासून होता. मला नाही कधी कोण पिवळं दिसलं.

प्राची : कारण डोळा सांभाळून घेतो. पाच मिनिटं बल्बखाली बसलीस की तो उजेड तुला साधाच वाटायला लागतो. कॅमेऱ्याला नाही जमत ते. हा आकडा बघ. कलर टेंपरेचर म्हणतात. बल्बचं अठ्ठावीसशे, दुपारच्या उन्हाचं साडेपाच हजार.

कौसल्या : उजेडाला पण ताप येतो?

प्राची : असंच समज. दादरला स्टुडिओत दिवसभर तोच उतरवत बसते मी. हॉलवाले असले दिवे लावतात, अर्ध्या नवऱ्या केशरी येतात.

कौसल्या : मग ह्यांचा उतरव.

प्राची : त्याला एक गोष्ट लागते. फोटोत खरोखर पांढरं काय होतं, ते मशीनला दाखवायचं. त्यावर क्लिक केलं की बाकीचे रंग आपापल्या जागी जातात. ही मागची भिंत घेते... हं, झालं.

कौसल्या : काय झालं? अजून पिवळेच आहेत सगळे.

प्राची : असं कसं? भिंत तर पांढरी...

कौसल्या : भिंत पांढरी कुठली? दरवर्षी गणपतीच्या आधी चुना काढायचो आपण, त्यात नीळ कोण घालायचं? तुझे बाबा. थोडी जास्तच घालायचे. आकाशासारखी दिसायची खोली.

प्राची : अरे यार! विसरलेच. निळ्याला पांढरं धरलं मी, म्हणून सगळं पिवळ्याकडे सरकलं. स्टुडिओत नव्या पोरांना ह्याच्यावरूनच ओरडते. बरं, बाबांचा सदरा घेऊ?

कौसल्या : त्याला पण नीळ. विनीतच्या बनियनला पण. नीळ न लागलेलं एकच होतं त्या खोलीत. मोदक घे.

प्राची : मोदक?

कौसल्या : ते काय, ताटात. पहाटे उठून मी वळलेले. तांदूळ मी धुतले, सावलीत वाळवले, पिठी मी चाळली. केशर नाही, काही नाही. त्याच्याइतकं पांढरं दुसरं मिळायचं नाही तुला.

प्राची : थांब हं. ह्या कळीजवळ घेते, तिथे सावली नाही... बघ आता.

कौसल्या : अगो बाय माझ्ये! तीच खोली! भिंत बघ, भिंत! आणि मालनची साडी अबोली होती, मी म्हणत नव्हते? मखराचा जांभळा कागद आला. विनीत बघ किती ताजा दिसतोय.

प्राची : आणि तू. काय दिसत होतीस आई.

कौसल्या : माझं जाऊ दे. ह्यांचं का नाही झालं?

प्राची : काय?

कौसल्या : सगळ्यांचा रंग आला. ह्यांचाच नाही आला.

प्राची : बाबा बल्बच्या खालीच बसलेत ना, त्यांच्यावर जास्त...

कौसल्या : विनीत खांद्याला खांदा लावून बसलाय. त्याच्यावर नाही पडला तो उजेड? परत दाब. मोदकावर.

प्राची : दाबलं. तेच येतंय.

कौसल्या : मोठं कर. डोळे दाखव.

प्राची : आई, नको.

कौसल्या : दाखव म्हणते ना.

(प्राची फोटो मोठा करत नेते. पडद्यावर फक्त दोन डोळे उरतात.)

कौसल्या : डोळ्यातलं पांढरं पण पिवळं.

प्राची : हो.

कौसल्या : म्हणजे गणपतीतच होती कावीळ. आणि आपण नेलं दिवाळीच्या तोंडावर, ते पडल्यावर.

प्राची : बंद करते मी हे.

कौसल्या : राहू दे. बघू दे मला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गणपतीच्या सुमाराला आणलं असतं तर काही करता आलं असतं. घरात कोणाला दिसले नाहीत का डोळे? मी देवाची शपथ घेऊन सांगितलं, नव्हते हो पिवळे. आणि तेराव्याला भावजी सगळ्यांदेखत, ‘वैनी, डोळे फुटलेले काय तुमचे?’

प्राची : काका पण ह्याच फोटोत आहेत. बाबांच्या समोर बसलेत. त्यांना दिसलं? मी तर कॅमेरा लावून बघत होते, मला दिसलं? पिवळ्या बल्बखाली पिवळेपणा कळतच नाही. तुझी समजूत काढायला नाही सांगत, माझं रोजचं काम आहे हे.

कौसल्या : बल्बखाली नसेल कळलं. दिवसा?

प्राची : दिवसा झोपायचे ते.

कौसल्या : हं. नाइट करून पहाटे यायचे, तेव्हा मी पोळ्यांच्या कामाला निघालेली. मग खिडकीला चादर लावून झोप. मी येईपर्यंत बल्ब लागलेला. तळमजला, समोर दुसऱ्या चाळीची भिंत. प्राची, मी ह्यांना उजेडात बघितलंच नाही गो. कधीपासून बघितलं नाही, आता आठवत पण नाही.

प्राची : आई, पाणी पी.

कौसल्या : आणि तो बल्ब ह्यांनीच लावला. चांगली ट्यूब होती, श्रावणात उतरवून ठेवली. म्हणाले, डोळ्याला झोंबते. मी म्हटलं, थकल्यासारखे वाटता, डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, गणपती जाऊ देत.

प्राची : तुला वाटतं, बाबांना माहीत होतं?

कौसल्या : ड्युटीवरच दाढी करून यायचे. तिथे आरसा असणार. उजेड असणार.

(प्राची फोटो पुन्हा लहान करते. सगळे परत दिसायला लागतात.)

कौसल्या : म्हणून येत असतील.

प्राची : कोण?

कौसल्या : पहाटे, ड्युटी सुटायच्या वेळेला. लॅच वाजते. मग भिंतीवर हात फिरवल्याचा आवाज. चाळ पाडायला घेतल्यावर मिळालेली ही ट्रान्झिटची खोली, हिच्यातली बटणं त्यांना कुठे माहीत? मला वाटायचं, आपला बल्ब शोधतात. आता वाटतं, उजेड शोधतात. खोली सोडताना मी काढून आणला होता तो, पदरात गुंडाळून. कपाटात आहे. तुला वेडी वाटत असेन मी.

प्राची : नाही. लॅच मला पण ऐकू येते.

कौसल्या : मग उठत का नाहीस?

प्राची : तू उठशील म्हणून वाट बघते.

कौसल्या : मी तुझी.

प्राची : आई, ऐक. बाबांचा चेहरा मी वेगळा धरून नीट करू शकते. दोन मिनिटं लागतील. कोणाला कळणार नाही.

कौसल्या : भावजींना?

प्राची : काकांना तर नाहीच. फोटोत ठणठणीत दिसतील बाबा. कोणाला बोलायला जागाच राहणार नाही.

कौसल्या : कर मग.

प्राची : करते.

कौसल्या : थांब. ह्यांचा रंग कुठून आणणार तू?

प्राची : दादाच्या गालावरून उचलेन. सारखाच होता दोघांचा.

कौसल्या : आणि डोळ्यातलं पांढरं?

प्राची : ते पण त्याचंच.

कौसल्या : मग ह्यांचं काय उरलं त्यात? नको. जिवंतपणी बल्बखाली लपले, आता आपण रंग फासून लपवायचं? आहेत तसे राहू देत.

प्राची : काका बोलणार हं. परत बोलणार.

कौसल्या : बोलू देत. मी पण बोलेन. म्हणेन, भावजी, समोर तुम्हीच बसला होतात, मोदक खात.

प्राची : बरं. मग बाबांपुरता काढून असाच देते फ्रेमला. देव्हाऱ्याच्या बाजूला खिळा आहे, तिथे लावू. वर तो जुना बल्ब लावायचा का? जरा मऊ दिसतील.

कौसल्या : बल्ब नको. खिडकीसमोर लाव, सकाळचं ऊन येतं तिथे.

प्राची : उन्हाने रंग उडतो गं फोटोचा.

कौसल्या : उडेपर्यंत बघून होईल माझं.